शहरे मोजावीत की मुक्काम? युरोपच्या रेल्वे सहलीचे गणित देवळ्यापासून

देवळा तालुक्यात रेल्वे स्थानक नाही. आगगाडीत बसायचे, तर येथील प्रवाशाला विंचूर-प्रकाशा महामार्गाने किंवा भावडबारीचा घाट उतरून सोग्रस फाट्याकडे निघावे लागते आणि मनमाड, लासलगाव अथवा नाशिक रोड गाठावे लागते. तरीही परदेश प्रवासाचा विषय या परिसराला आता परका राहिलेला नाही. नाशिक जिल्ह्यातील द्राक्षे दरवर्षी समुद्रमार्गे नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या बंदरात उतरतात. त्यांच्या मागोमाग माणसेही निघू लागली आहेत. कोणाचा मुलगा जर्मनीत शिकतो, कोणाची मुलगी नोकरीनिमित्त ॲमस्टरडॅमला असते, तर कोणी आयुष्यात एकदा तरी युरोप पाहावा म्हणून पैसे बाजूला काढून ठेवतो. उन्हाळ कांदा चाळीत भरला, द्राक्षबागेची खरड छाटणी आटोपली आणि मुलांच्या परीक्षा संपल्या, की मे महिन्यात असा प्रवास शक्य होतो.

मराठी कुटुंबांना युरोपची ओळख करून दिली ती प्रामुख्याने पर्यटन कंपन्यांच्या बससहलींनी. अलीकडे मात्र स्वतः आराखडा आखून आगगाडीने फिरणाऱ्यांची चर्चा अधिक ऐकू येते. याला कारणेही आहेत. युरोपातील मुख्य स्थानके शहराच्या मध्यभागी आहेत, गाड्या वारंवार सुटतात आणि चारशे-पाचशे किलोमीटरच्या प्रवासात विमानतळावर जाण्या-येण्याचा वेळ धरला, तर आगगाडीच बहुधा आधी पोहोचते. प्रश्न आहे तो आराखड्याचा. तेरा-चौदा दिवसांत नऊ-दहा शहरे बसविण्याचा मोह पहिल्यांदा जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कुटुंबाला होतो, आणि लाखो रुपये खर्चाच्या सहलीचा विचका होतो तो येथेच.

वेळ गाडीत जात नाही, गाडी बदलण्यात जातो

युरोपच्या रेल्वेचे वेळापत्रक पाहिले, की प्रवासाचे अंतर फसवे वाटू लागते. पॅरिसहून बासेल सुमारे तीन तास, मिलानहून व्हेनिस अडीच तास, फ्लॉरेन्सहून रोम दीड तास. मग दररोज एक शहर का नको, असा विचार सहज मनात येतो. परंतु शहर बदलणे म्हणजे केवळ गाडीतील दोन-तीन तास नव्हेत. सकाळी सामान आवरून हॉटेल सोडावे लागते, स्थानक गाठावे लागते, गाडीची वाट पाहावी लागते, नव्या शहरात उतरून दुसरे हॉटेल शोधावे लागते, आणि तेथे खोली बहुधा दुपारी दोन-तीननंतरच मिळते. मोठ्या बॅगा, वृद्ध आई-वडील आणि लहान मूल बरोबर असेल, तर या सर्व उलाढालीत अर्धा दिवस सहज जातो. हमालाची सोय तेथे जवळजवळ नाहीच.

हा हिशेब कागदावर मांडला, की चित्र स्पष्ट होते. तेरा रात्रींत दहा शहरे म्हणजे नऊ स्थलांतरे, आणि नऊ स्थलांतरे म्हणजे साडेचार दिवस. सहलीचा तिसरा हिस्सा स्थानकांवर आणि हॉटेलांच्या स्वागतकक्षात खर्च होतो. याउलट चार मुक्काम ठेवले, तर स्थलांतरे तीनच होतात आणि दीड दिवसात भागते. वाचलेले तीन दिवस हेच या नियोजनातील खरे उत्पन्न आहे. म्हणूनच कार्यक्षम आराखडा आखताना शहरांची यादी करण्याआधी रात्री मोजाव्यात, असे म्हणावे लागते.

एका कुटुंबाचा आराखडा

देवळ्यातील चार जणांचे एक कुटुंब आहे आणि त्यांच्यापाशी तेरा रात्री आहेत, असे समजू. पॅरिस, स्वित्झर्लंडचे डोंगर, व्हेनिस आणि रोम ही त्यांची इच्छा आहे. येथे पहिला निर्णय विमानाचा. जाताना पॅरिसला उतरावे आणि परतताना रोमहून निघावे. जाण्या-येण्याचे तिकीट एकाच शहराचे काढले, तर रोमहून पुन्हा पॅरिसला येण्यात एक संपूर्ण दिवस आणि चौघांचे भाडे जाते. दोन वेगवेगळ्या शहरांचे तिकीट एकत्र काढले, तर ते नेहमीच महाग पडते असेही नाही.

यानंतर मुक्काम. पॅरिसला चार रात्री, ल्युसर्नला तीन, व्हेनिसला दोन आणि रोमला चार. पॅरिसच्या गार द लियों या स्थानकावरून बासेलची वेगवान गाडी सुटते. बासेलला गाडी बदलून आणखी तासाभरात ल्युसर्न येते. ल्युसर्नहून गोटहार्डच्या ५७ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून मिलानला सुमारे सव्वातीन तास लागतात आणि मिलानला गाडी बदलून व्हेनिस गाठता येते. व्हेनिसहून रोमला थेट गाडी चार तासांच्या आसपास पोहोचविते. फ्लॉरेन्स यादीतून गळले, असे वाटेल. परंतु रोमहून सकाळी निघून, दिवसभर फ्लॉरेन्स पाहून, रात्री परत येणे सहज शक्य आहे. सामान हॉटेलात राहते आणि हातात केवळ पाण्याची बाटली असते. एका मुक्कामाभोवती दिवसाच्या फेऱ्या ही पद्धत ल्युसर्नलाही लागू पडते. तेथून तासाभरात बर्न किंवा झुरिच करता येते.

स्थानकांची नावे मात्र नीट वाचावीत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि मुंबई सेंट्रल यांत जो फरक आहे, तोच पॅरिसमध्ये गार दु नोर आणि गार द लियों यांत आहे. ॲमस्टरडॅम किंवा ब्रसेल्सहून येणारी गाडी पहिल्या स्थानकावर थांबते, स्वित्झर्लंडची गाडी दुसऱ्यावरून सुटते. मधले अंतर उपनगरी रेल्वेने फार नाही, परंतु सामानासह पाऊण तास हाताशी हवा. व्हेनिसमध्येही मेस्त्रे हे स्थानक मुख्य भूमीवर आहे आणि कालव्यांचे शहर सांता लुचिया येथे उतरल्यावर सुरू होते.

पास की सुटे तिकीट?

युरोपच्या रेल्वेचे नाव काढले, की 'युरेल पास'चा विषय निघतोच. १९५९ पासून युरोपबाहेरच्या प्रवाशांसाठी ही सोय आहे आणि 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' या १९९५ च्या चित्रपटाने ती भारतीय घराघरांत पोहोचविली. सध्या हा पास ३३ देशांत चालतो. मात्र पास खरेदी केला म्हणजे गाडीत जागा मिळाली, असा समज चुकीचा आहे. फ्रान्सच्या टीजीव्ही गाड्या, युरोस्टार आणि इटलीच्या वेगवान गाड्यांत पासधारकालाही आरक्षण सक्तीचे असते आणि त्याचे पैसे वेगळे मोजावे लागतात. काही गाड्यांत पासधारकांसाठी जागाही मर्यादित असतात.

वर दिलेल्या आराखड्यात मोठा प्रवास केवळ तीन-चार दिवस आहे आणि तोही बहुतांश फ्रान्स व इटलीत. अशा वेळी आगाऊ काढलेली सुटी तिकिटे बहुधा स्वस्त पडतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड या देशांत दररोज फिरायचे असेल, तर पास उपयोगी. तेथे बहुतांश गाड्यांना आरक्षणाची सक्ती नाही आणि सकाळी हवामान पाहून दिशा ठरविता येते. केवळ स्वित्झर्लंडमध्ये तीन-चार दिवस असतील, तर त्या देशाचा स्वतंत्र प्रवासी पास पाहावा. तो आगगाडीबरोबरच बस आणि सरोवरातील बोटींनाही चालतो, आणि आई-वडिलांबरोबर असलेल्या सोळा वर्षांखालील मुलांना फॅमिली कार्डावर विनाशुल्क प्रवास करता येतो.

भारतीय प्रवाशाला आणखी एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. भारतीय रेल्वेत १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली, परंतु भाडे बहुतांश गाड्यांत ठरलेले असते. युरोपातील वेगवान गाड्यांचे भाडे विमानाप्रमाणे मागणीनुसार वाढते. आज काढलेले तिकीट आणि प्रवासाच्या आदल्या दिवशी काढलेले तिकीट यांत कित्येक पटींचा फरक पडू शकतो. तेथे प्रतीक्षा यादी नाही, तशीच आशाही नाही.

व्हिसाचा पेच

येथेच सर्वसामान्य कुटुंबाची खरी कोंडी होते. स्वस्त तिकिटे लवकर काढावी लागतात आणि ती सहसा परत होत नाहीत. व्हिसा मात्र नंतर मिळतो, किंवा मिळतही नाही. शेंगेन क्षेत्रात आता २९ देश आहेत आणि एका व्हिसावर ते सर्व फिरता येतात. ११ जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो झाले. अर्ज नाकारला तरी ही रक्कम परत मिळत नाही. शिवाय किमान ३० हजार युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण आवश्यक असते.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, हे आराखड्यावरच अवलंबून असते. ज्या देशात सर्वाधिक दिवस मुक्काम, त्या देशाकडे अर्ज, हा नियम आहे. दोन देशांत सारखेच दिवस असतील, तर प्रथम प्रवेश जेथे होतो, त्या देशाकडे. वरील कुटुंबाचे विमान पॅरिसला उतरते, म्हणून फ्रान्सकडे अर्ज करणे चूक ठरेल. त्यांच्या चार रात्री फ्रान्समध्ये, तीन स्वित्झर्लंडमध्ये आणि सहा इटलीत आहेत, तेव्हा अर्ज इटलीकडेच हवा. लंडन जोडण्याचा विचार असेल, तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि परत शेंगेनमध्ये येण्यासाठी एकाहून अधिक प्रवेशांची परवानगी हवी. दोन दिवसांच्या लंडनसाठी हा खटाटोप परवडतो का, याचा विचार आधीच व्हावा.

व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो दाखल व्हावा लागतो. निर्णयास साधारण पंधरा दिवस, क्वचित पंचेचाळीस दिवस लागतात. मे महिन्याच्या सहलीचा अर्ज एप्रिलमध्ये करणारा प्रवासी दोन्हीकडून अडचणीत येतो. भेटीची वेळ मिळत नाही आणि तिकिटे महागलेली असतात. जानेवारी-फेब्रुवारीत मुक्काम निश्चित करून, रद्द करता येण्याजोगी हॉटेले राखून, अर्ज करावा आणि व्हिसा हाती येताच रेल्वेची तिकिटे काढावीत, हा मार्ग त्यातल्या त्यात सुरक्षित. ज्यांनी एकदा मुदतीत जाऊन परत येण्याची शिस्त पाळली, त्यांना पुढे त्याचा लाभ होतो. एप्रिल २०२४ मधील निर्णयानुसार, तीन वर्षांत दोन व्हिसा नियमाप्रमाणे वापरलेल्या भारतीयांना दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो.

याखेरीज १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर प्रवेश-निर्गमनाची नवी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि ती १० एप्रिल २०२६ पर्यंत पूर्ण करण्याचे ठरले. पासपोर्टवरील शिक्क्याची जागा चेहऱ्याच्या छायाचित्रासह होणारी ही नोंद घेते. पहिल्या नोंदणीला वेळ लागू शकतो. त्यामुळे विमान उतरल्यावर दोन तासांत सुटणाऱ्या गाडीचे तिकीट आधीच काढून ठेवणे धोक्याचे. पहिली रात्र उतरण्याच्याच शहरात असावी.

जुना आराखडा का चालत नाही

शेजाऱ्याने चार वर्षांपूर्वी केलेली सहल जशीच्या तशी उतरवून घेणे अनेकांना सोपे वाटते. परंतु युरोपच्या रेल्वेनकाशात गेल्या काही वर्षांत बरेच बदल झाले. १० ऑगस्ट २०२३ रोजी गोटहार्डच्या बोगद्यात मालगाडी घसरली आणि वाहतूक पूर्ववत होण्यास २ सप्टेंबर २०२४ उजाडला. त्याच महिन्यात, २७ ऑगस्ट २०२३ रोजी फ्रान्सच्या मॉरियेन खोऱ्यात दरड कोसळली आणि पॅरिस-मिलान थेट मार्ग मार्च २०२५ अखेरपर्यंत बंद राहिला. पॅरिसहून व्हिएन्ना आणि बर्लिनला जाणाऱ्या ऑस्ट्रियन रेल्वेच्या रात्रगाड्या फ्रेंच सरकारने अर्थसाह्य थांबविल्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये बंद झाल्या. दुसरीकडे पॅरिस-बर्लिन ही दिवसाची थेट वेगवान गाडी डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि ती सुमारे आठ तासांत पोहोचते. युरोपचे रेल्वे वेळापत्रक दरवर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मध्यरात्री बदलते, हे लक्षात ठेवून गाड्यांची खात्री नव्याने करावी.

युरोपातील सर्वच गाड्या घड्याळावर चालतात, हा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ मध्ये केवळ ६२.५ टक्के वेळेवर धावल्या, आणि तेथे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर 'वेळेवर' मानला जातो. स्वित्झर्लंडमध्ये तीन मिनिटांची कठोर कसोटी लावूनही हे प्रमाण त्याच वर्षी ९३ टक्क्यांवर होते. म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये गाडी बदलण्यास सात मिनिटे पुरतात, तर जर्मनीत पाऊण तासही कमी पडू शकतो. इटलीत संपाची सूचना बहुधा आधी मिळते आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ व सायंकाळी सहा ते नऊ या वेळेत प्रादेशिक गाड्यांची किमान सेवा चालू ठेवली जाते.

उशीर झाल्यास प्रवाशाला हक्कही आहेत. युरोपीय संघाच्या ७ जून २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, एक तास उशिरास भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तासांहून अधिक उशिरास ५० टक्के भरपाई मागता येते. मात्र पुढची गाडी चुकल्यास रेल्वेने जबाबदारी घ्यावी, यासाठी दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असणे महत्त्वाचे ठरते. वेगवेगळ्या कंपन्यांची दोन सुटी तिकिटे काढली, तर पहिल्या गाडीच्या उशिराचा भुर्दंड बहुधा प्रवाशालाच बसतो. आपल्या आराखड्यातील धोक्याची जागा त्या दृष्टीने मिलान आहे. तेथे दीड तासाचे अंतर ठेवावे. स्थानकात एक कॉफी जास्त झाली, तरी ती नव्या तिकिटापेक्षा स्वस्तच.

पहिला आणि शेवटचा टप्पा

आराखड्याचा सर्वांत दुर्लक्षित भाग युरोपात नाहीच. तो देवळा ते मुंबई हा आहे. मनमाडहून १९७५ पासून धावणारी पंचवटी एक्स्प्रेस पहाटे सहाच्या सुमारास सुटते, त्यामुळे देवळ्याहून चारच्या आसपास निघावे लागते. नांदेड-मुंबई वंदे भारतला मनमाड आणि नाशिक रोड ही दोन्ही स्थानके आहेत. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाल्याने नाशिकहून मुंबईकडील रस्ताही सोपा झाला. तरीही ठाण्याजवळची कोंडी आणि पावसाळ्यात कसारा घाटात होणारे खोळंबे लक्षात घेता, रात्रीच्या विमानासाठी त्याच दिवशी दुपारी घर सोडणे हा अनावश्यक जुगार आहे. विमान चुकले, तर पॅरिसचे हॉटेल, बासेलची गाडी आणि ल्युसर्नची खोली ही सारी साखळी एकामागोमाग तुटते. परतीच्या दिवशीही हाच नियम. रोममध्ये शेवटची रात्र, आणि मुंबईत उतरल्यावर आरक्षित गाडीसाठी पुरेसा अवकाश.

या साऱ्या नियोजनातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. प्रवासाची खरी किंमत गाडीच्या वेगात नसून दोन गाड्यांमधल्या सांध्यात असते. स्वित्झर्लंडने हे फार पूर्वी ओळखले. १९८२ मध्ये त्या देशाने दर तासाला ठरावीक मिनिटाला गाडी, असे वेळापत्रक देशभर लागू केले. १९८७ मध्ये जनमताने 'रेल्वे २०००' योजनेला मान्यता दिली आणि डिसेंबर २००४ मध्ये झुरिच-बर्न प्रवास ६९ मिनिटांवरून ५६ मिनिटांवर आणला. तासाच्या आत गाडी पोहोचली, की तासाच्या ठोक्याला सुटणारी पुढची गाडी आणि स्थानकाबाहेरची पिवळी बस मिळते. नेमक्या तेवढ्याच वेगासाठी नवा मार्ग बांधला गेला. आधी वेळापत्रक ठरले आणि मग रूळ टाकले गेले.

देवळ्याला हा धडा दूरचा नाही. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गास मंजुरी दिली. १८ हजार ३६ कोटी रुपये खर्चाचा आणि ३० नव्या स्थानकांचा हा मार्ग मालेगाववरून जाणार असून तो २०२८-२९ पर्यंत पूर्ण करण्याचे उद्दिष्ट आहे. तेव्हा कसमादेच्या उंबरठ्यावर रेल्वे येईल. परंतु मालेगावला गाडी थांबेल त्या वेळी देवळा, सटाणा, कळवणची एसटी स्थानकाबाहेर उभी असेल काय, हा प्रश्न रुळांच्या कामाइतकाच महत्त्वाचा आहे आणि तो विचारण्याची वेळ आताच आहे. युरोपहून परतणारा देवळेकर तेथील बर्फाची छायाचित्रे दाखवील, यात शंका नाही. बासेलच्या फलाटावर सात मिनिटांत दुसरी गाडी कशी मिळाली, हेही त्याने गावात सांगावे.